शुक्रवारच्या टाळ्या

“मग चूक कुणाची, सर?”

गाडेकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. केळुसकर सर ओसरीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विद्यापीठातलं संशोधक विद्यार्थ्यांचं स्नेहमंडळ सरांनीच सुरू केलेलं. घरदार सोडून आलेल्या, प्रबंधाखाली दबून गेलेल्या पोरांनी दर शुक्रवारी एकत्र बसावं, एकमेकांना धरून राहावं, एवढाच त्यांचा बेत. सर निवृत्त झाले आणि मंडळ त्यांच्या या शिष्याच्या हाती आलं. गाडेकरांनी त्याचं सोनं केलं. निदान ते स्वतः तसंच म्हणत. पाहुण्यांची व्याख्यानं त्यांनी सुरू केली. प्रत्येकाने उभं राहून आठवड्याची प्रगती सांगायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही पद्धतही त्यांचीच. तिचा त्यांना कोण अभिमान!

त्या मंडळातली यमुना वळवी सोमवारी वसतिगृहाची खोली रिकामी करून गेली. अक्कलकुव्यापलीकडच्या तिच्या गावी, कायमची. रानातल्या कंदांवरचं चार वर्षांचं काम, लिहून झालेली तीन प्रकरणं, सगळं टेबलावर तसंच ठेवून. वर एक चिठ्ठी होती, ‘आता होत नाही.’ तेव्हापासून गाडेकरांना अन्न गोड लागत नव्हतं.

“मी काय कमी केलं, सर? एक शुक्रवार चुकवला नाही...”

“ती काय सांगायची?”

“ठीक चाललंय म्हणायची. गेल्या शुक्रवारीसुद्धा.”

“आणि तू?”

“टाळ्या वाजवल्या... सगळ्यांनीच.”

सरांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“आज शुक्रवार ना? ऊठ. सांग बघू, कसा गेला आठवडा?”

गाडेकर उठून उभे राहिले. इतक्या वर्षांची सवय, अंगात मुरलेली.

“दोन व्याख्यानं झाली. एक लेख स्वीकारला गेला. नव्या मुलांची बैठक घेतली. ठीक चाललंय, सर.”

सरांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनी, सावकाश...

गाडेकरांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण कशासाठी आलो होतो आणि काय बोलून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते मटकन खाली बसले.



“माझं पुस्तक तीन वर्षं अडलंय, सर.” गाडेकर म्हणाले. “रोज एक ओळ लिहितो, रोज खोडतो. हे कुणाजवळ बोललो नाही. पोरांसमोर तर नाहीच.”

“हं.”

“महिन्यापूर्वी सगळे गेल्यावर यमुना दाराशी थांबली होती. काहीतरी बोलायचं होतं तिला. मी घाईत होतो. म्हटलं, शुक्रवारी बोलू...”

एवढा मोठा माणूस, पण ओंजळीत तोंड लपवून रडू लागला.

सर काही त्याला थोपटायला उठले नाहीत. त्यांचीच नजर जमिनीला खिळली होती.

“दिवाळीआधी तिचं मला पत्र आलं होतं,” ते हळूच म्हणाले. “भेटायला येऊ का म्हणून. मी कळवलं, गाडेकर आहेत ना, त्यांना भेट.”

गाडेकरांनी डोळे पुसून वर पाहिलं. सरांचेही डोळे भरून आले होते. गुरूला असं रडताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि आता त्यांना आणखीच पोरकं वाटलं.

“ती परत येईल, सर?”

सरांनी मान हलवली.

“नाही यायची. तूच जा तिच्याकडे.”