येसूचा कातळ

आमच्या तालुक्यातल्या या पठाराच्या उतारावर कारवीचं दाट रान आहे आणि कडेनं कमरेइतकं गवत. मधल्या कातळावर मात्र बोटभर उंचीच्या फुलांखेरीज काही उगवत नाही. पांढरे गेंद, निळी सीतेची आसवं, पाणथळ जागी चिकट थेंबांचे दवबिंदू. "इथं माती कमी ना, म्हणून," मी मुलीला समजावत होते. शिकलेल्या आईला गप्प बसवत नाही.

"माती कमी हाय खरी," वाट दाखवायला आलेले जानकूमामा म्हणाले. "पर ती कमी का झाली, ते आमच्यात निराळं सांगत्यात, ताई."

फार पूर्वी म्हणे हे सगळं गवताचंच रान होतं. धनगरवाड्यातली बायजा इथं म्हशी राखायची. येसू तिची एकुलती एक, सहा वर्षांची. एका सकाळी येसूच्या हातून दह्याचं मडकं फुटलं. बायजा ओरडली, "थांब कार्टे, आज तुझी पाठच सोलते!" पोर पळाली. आजीकडे गेली असेल, असं बायजाला वाटलं.

दिवस फाल्गुनाचे. नवं गवत जोमानं यावं म्हणून जुनं जाळायचं होतं. पेटवण्याआधी बायजानं एक हाक मारली खरी, पण आवाजातला राग अजून उतरला नव्हता. येसू त्याच गवतात दडून होती. मार बसेल या भीतीनं तिनं ओ दिली नाही, असं सांगतात.

त्यानंतर बायजा घरी गेलीच नाही. राखेत बसून हाका मारत राहिली, आता अगदी मऊ आवाजात. शेवटी देवीला म्हणाली, "आई, यापुढं इथं लेकरू लपंल एवढं काही वाढू देऊ नगंस." त्या वर्षीच्या पावसात राख आणि माती दोन्ही वाहून गेली. कातळ उघडा पडला आणि त्यावर ही फुलं आली.

मी मुलीचा हात इतका घट्ट धरला होता, की तिनंच तो सोडवून घेतला.

आजही फाल्गुनात कडेचं गवत पेटवण्याआधी वाड्यातल्या बाया रानाकडे तोंड करून उभ्या राहतात आणि म्हणतात, "ये गं बाय, कुणी रागावणार न्हाई." मग थांबतात.

"किती वेळ?" मी विचारलं.

जानकूमामा गवताकडे बघत होते. "भ्यालेल्या पोराला धीर यायला लागतो, तेवढा."