बाभळीच्या अलीकडे

"…पण सर, पाती हळू फिरवली की आवाज कमी होतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग माझं हेलिकॉप्टर टेकडीमागूनच कसं ऐकू येतं?"

कॅप्टन यशोधन खानविलकर घुश्शातच होता. त्यात नवल नव्हतं, उद्या त्याची परीक्षा. शत्रूच्या ठाण्यावर गुपचूप उतरणाऱ्या तुकडीत जायचं, तर मैदानाच्या कडेच्या बाभळीपर्यंत येईतो कुणाला चाहूल लागता कामा नये. लागली, की तुकडीत जागा नाही.

कर्नल पेंढारकरांची शिकवायची तऱ्हाच निराळी. मैदानात टेकडीकडे पाठ करून, डोळे मिटून, एक हात वर धरून उभे राहायचे. आवाज आला की हात खाली. बस्स.

यशोधनच्या वेळी हेलिकॉप्टर टेकडीपलीकडे असतानाच हात खाली आला होता.

पोरगा उडवण्यात पटाईत, पण मिरवायची भारी हौस. सरावालासुद्धा दोन मित्रांना मागे बसवून न्यायचा, आपली करामत बघायला. आजही नेलं होतं. पात्यांचा वेग उतरवला, तर यंत्र खाली बसायला लागलं, धोक्याचा भोंगा वाजला, आणि बिचाऱ्याला वेग पुन्हा चढवावा लागला. झालं, पात्यांची फटफट सगळ्या रानात.



"हात वर कर," कर्नल म्हणाले, आणि एकटेच हेलिकॉप्टरकडे चालू लागले. ते उडवत टेकडीपलीकडे दिसेनासे झाले.

यशोधन पाठ करून उभा राहिला. कुठेतरी टिटवी ओरडत होती. दंड भरून आला. म्हातारा परत फिरलाच नाही की काय, असं त्याच्या मनात आलं.

मग बारीकशी घरघर…

हात खाली करून तो वळला आणि बघतच राहिला. हेलिकॉप्टर बाभळीच्या अलीकडे येऊन पोचलं होतं. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला. असा माणूस आपल्याला शिकवतो, या विचारानेच त्याचा ऊर भरून आला.

कर्नल खाली उतरले. त्याने कडक सॅल्यूट ठोकला.

"सर, यंत्र तेच, हवा तीच. एवढ्या कमी वेगावर माझं तर खालीच बसत होतं. तुम्हाला कसं पेललं?"

कर्नलांनी हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं.

"…माझं उडवणं बघायला मागे कुणी बसलं नव्हतं."