ताटपट्टी

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव आमचंच, म्हणून नाव सांगत नाही. माणसाचं नाव म्हाकू. आपण येडे आहोत हे म्हाकूला पक्कं ठाऊक होतं, आणि एवढी अक्कल आमच्यात दुसऱ्या कुणाला नव्हती. आपलं डोकं चालवलं की घोळ होतो, म्हणून सांगितलेलं तेवढंच करायचं, असा त्याचा नेम. घोळ तरीही व्हायचाच.

त्या वर्षी उन्हानं आम्हाला भाजून काढलं. आंब्याचा मोहोर करपला, विहिरींनी तळ गाठला. तेवढ्यात सरपंच केराप्पाअण्णा शहरातलं शिबिर करून आले. तिथल्या मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की शेळ्या-म्हशी रवंथ करताना ढेकर देतात, त्यातून वायू सुटतो आणि हवा तापते. थोडाफार भाताच्या चिखलातूनही सुटतो. अण्णांनी ग्रामसभेत ठराव मांडला. घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, तशी आपण ताटपट्टी घेऊ. बोकडाला सगळ्यांत जास्त, कोंबडीला कमी, भाताला चिमूटभर, भाकरी-पिठल्याला माफ. जमेल त्या पैशाची झाडं लावू. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मटण शेजारी खातो, आपण नुसती चव बघतो, असं प्रत्येकाला वाटत होतं.

पावत्या फाडायला प्रामाणिक माणूस हवा होता. आमच्यात शोधला, तर म्हाकूच सापडला.

म्हाकूलाही नोकरी हवीच होती. वरच्या वाडीतल्या तातोबाची हौसा त्याच्या मनात भरली होती. एकदा आठवडी बाजारात तिनं त्याला वांग्यांची पाटी उचलायला सांगितली. यानं ती उचलून थेट तिच्या घरी नेऊन ठेवली. ती वांगी विकायला आणली होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाप चिडला, हौसा मात्र हसली, आणि हसता हसता तिचंही त्याच्यावर मन बसलं. पण बिनपगारी माणसाला पोरगी द्यायची नाही, हा तातोबाचा हट्ट. अण्णांनी शब्द दिला, म्हणाले, वसुली नीट कर, मी तुला कायम करतो आणि तातोबाकडं स्वतः शब्द टाकतो. म्हाकूनं नवी टोपी घेतली.

अण्णांनी त्याला सोप्या भाषेत समजावलं होतं की जे खाऊन झाल्यावर परत बसून चघळतं त्याच्यावर पट्टी. म्हाकू नीट ऐकून पारावर गेला. तिथं चार म्हातारे जेवून येऊन तंबाखू चघळत बसले होते. म्हाकूनं त्यांच्या पावत्या फाडल्या. एक जण ढेकर देत होता, त्याला जास्तीची लावली. म्हातारे काठ्या घेऊन अण्णांच्या दारात उभे राहिले.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "अरे, माणसाकडं बघू नकोस, ताटाकडं बघ. ताटात मटण दिसलं की तिथं थांबायचं आणि जो जेवायला येईल त्याच्याकडनं घ्यायचं."

म्हाकूला पटलं. पुढं पितरांचा पंधरवडा आला. धुळाप्पाच्या घरी वडलांचा म्हाळ होता. म्हाताऱ्याचा मटणावर फार जीव, म्हणून बोकड कापलेला. कावळ्यासाठी पान वाढून कौलांवर ठेवलं, आणि म्हाकू शिडी लावून वर चढला. पानाशेजारी पावतीपुस्तक घेऊन बसला.

कावळा कशाला येतो? खाली पंगत ताटकळली. म्हाताऱ्याची काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून घरचे हात जोडून एकेक कबूल करायला लागले. म्हातारीला नीट सांभाळू. बहिणीला माहेरी आणू. धाकट्याला विहिरीकडची वाटणी देऊ. तरी कावळा शिवेना. वर म्हाकू बसलाय हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत दुपार कलली. धाकट्यानं मात्र दुसऱ्या दिवशी वाटणी मागितली, आणि त्या घरात अजून भांडण चालू आहे.

अण्णा म्हणाले, "कावळ्याकडं पट्टी मागतात का? बोकड ज्याच्यामुळं कापला त्याच्याकडं माग."

म्हाकूनं विचार केला. बोकड म्हाताऱ्यामुळं कापला होता. तो उठून स्मशानात गेला आणि म्हातारा जाळला होता तिथं मांडी घालून बसला. आबा, सवडीनं द्या, घाई न्हाय, असं अदबीनं म्हणत राहिला. ते ऐकून रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायकांना भीतीनं ताप भरला.

आता अण्णांनी त्याला घरी बोलावून शेजारी बसवलं. म्हाकू स्वतःच म्हणाला की अण्णा, माझ्या डोक्यात भुसा भरलाय, तुम्ही मूळ मुद्दा तेवढा सांगा. अण्णांना त्याची दया आली.

"मूळ मुद्दा बोकड हाय. बोकड वाचला की हवा वाचली. बोकड वाचत असंल तर बाकीचं सगळं सोडून दे."

म्हाकूनं ते काळजावर कोरून घेतलं.

दिवाळी झाली आणि अण्णांनी शब्द पाळला. नोकरी कायम झाली. तातोबा चार पाहुणे घेऊन म्हाकूच्या घरी बोलणीला आला. म्हाकूच्या आईनं, तान्हाक्कानं, दारात बोकड आणून बांधला होता. देणंघेणं ठरलं. अण्णांनी सुपारी फोडायला हातात घेतली. म्हाकूनं आईला हळूच विचारलं, बोकड कशासाठी? ती म्हणाली, तुझ्या बोलणीसाठी. बोलणी नसती तर? तर कशाला कापायचा, ती म्हणाली.

म्हाकू उभा राहिला. टोपी काढली, हात जोडले.

"मामा, हे लग्न व्हायचं न्हाय," तो म्हणाला आणि त्यानं बोकड सोडला.

तातोबा भरल्या घरातून उठून गेला. संध्याकाळी म्हाकू उंबऱ्यावर बसून रडला. त्याला हौसा हवी होती, दुसरं काहीच नको होतं. मग मोडलंस कशाला रे, असं आईनं विचारलं, तर म्हणाला, अण्णांनी बाकीचं सगळं सोड म्हणून सांगितलं होतं.

अण्णांना ते लागलं. ते म्हाकूला घेऊन वरच्या वाडीत निघाले. साक्षीला म्हणून आम्हीही मागं लागलो. खरं सांगायचं तर तातोबाकडं त्या दिवशी दुसऱ्या स्थळाची माणसं आली होती आणि दोन बोकड पडल्याचं आम्हाला कळलं होतं. वाटेत अण्णांनी म्हाकूला बजावलं की तिथं डोकं चालवायचं नाही. कुणी काहीही विचारलं तरी एकच बोलायचं, चूक माझी, भरून देतो.

तातोबानं विचारलं, का आलास?

"चूक माझी. भरून देतो."

तातोबा नरमला. असा सरळ कबूल करणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. आलेल्या स्थळाचा नवरा मुलगा तर शब्दही न बोलता मटणाची नळी फोडत होता. हौसा दाराआडून पुढं आली. बापाची लाज सोडून तिनं म्हाकूला समोरासमोर विचारलं, "मला मागणी घातलीत, ती मनापासनं घातली होती का?"

म्हाकूचे डोळे भरून आले. तरी त्यानं अण्णांचा शब्द मोडला नाही.

"चूक माझी," तो म्हणाला. "भरून देतो."

हौसा आत गेली ती गेलीच. तातोबानं तिथल्या तिथं दुसऱ्या मुलाच्या हातात नारळ देऊन लग्न पक्कं केलं. म्हाकूनं चुलीवरच्या मटणाच्या पातेल्यांकडं बघितलं. त्यानं लग्न मोडलं म्हणून हे स्थळ आलं, म्हणजे दोन्ही बोकड त्याच्यामुळंच कापले गेले होते, हे त्याला आपोआप समजलं. आईनं हौसाच्या जोडव्यांसाठी दिलेले पैसे त्यानं कनवटीतून काढले, दोन्ही बोकडांची पट्टी भरली आणि आपल्याच नावानं पावती फाडली. मग फडक्याची गाठ सोडून भाकरी काढली आणि कडेला खात बसला, कारण भाकरीला पट्टी माफ होती.

आम्ही साक्षीदार पंगतीला बसलो. म्हाकूकडून घडलं ते फार वाईट झालं, असं प्रत्येक जण म्हणाला, आणि प्रत्येकानं रस्सा दोनदा मागून घेतला. पट्टी काय, भरलेलीच होती.