सरसेनापती एडक्याची पितळी घंटा

एका माळावर मेंढरांचं राज्य होतं. अर्धी मेंढरं पांढरी, अर्धी काळी. चरायची एकत्र, बसायची एकत्र, आणि पुढचं मेंढरू जाईल तिकडं सगळी जायची. त्यामुळं त्या राज्यात बरीच वर्षं सरकारची गरज पडली नाही.

मग एका उन्हाळ्यात पाणवठा आटत आला. उरलेलं पाणी आधी कुणी प्यायचं, काळ्यांनी की पांढऱ्यांनी, यावरून यादवी पेटली.

मायाप्पा एडका पांढरा. त्याची बायको बनाबाई काळी. पहिल्या लढाईच्या सकाळी मायाप्पाच्या ढुंगणाला गांधीलमाशी डसली. तो बोंबलत पळाला. पुढचा पळतोय म्हणून पांढरी मेंढरं मागनं पळाली. समोर काळी फौज होती. एवढा कळप अंगावर येताना बघून ती उलटी फिरली. पांढऱ्यांनी मायाप्पाला सरसेनापती केलं आणि त्याच्या गळ्यात पितळी घंटा बांधली.

"अहो, माशीचं सांगितलंत का त्यांना?" बनाबाईनं विचारलं.

"ते लष्करी गुपित आहे," मायाप्पा म्हणाला.

घंटा वाजली की म्हातारी मेंढरंसुद्धा वाट सोडायची. मायाप्पाला ती इतकी आवडली की तो झोपेतही मान हलवायचा.

थंडी तोंडावर आली तसा कातर घेऊन कोल्हा आला. "सरसेनापती, जवान कुडकुडतील. लोकर द्या, कांबळी विणून देतो. देशासाठी!" मग तो ओढा ओलांडून काळ्यांकडं गेला. तिकडंही देशच होता.

दोन्हीकडची मेंढरं रांगा लावून भादरून घेऊ लागली. कांबळ्यांचं काम प्रगतिपथावर होतं.

निर्णायक लढाईचा दिवस उजाडला. भादरलेलं अंग खाजतं, म्हणून दोन्ही फौजा आधी धुळीत मनसोक्त लोळल्या. मग मायाप्पानं गर्जना केली, "शत्रूवर तुटून पडा!"

कुणी हलेना. माळभर नुसती मातकट, उघडी मेंढरं. काळं कोण, पांढरं कोण, कळेना. काही जण तर शेजाऱ्याच्या पाठीवर मान टाकून रवंथ करायला लागले.

"शत्रू कुठाय?" मायाप्पा ओरडला.

"मी आहे की, काळी," बनाबाई शेजारून म्हणाली. "मघापासून तुमच्या पाठीला पाठ घासतेय."

"तू नको. दुसरं कुणीतरी दाखव."

"नसेल शत्रू तर नसू दे. उतरवा ती घंटा, चला चरायला."

उतरवा! मायाप्पा दोन पावलं मागं सरकला. शत्रू नाही तर लढाई नाही. लढाई नाही तर सरसेनापती कशाला? तो टेकाडावर चढला आणि मान जोरात हलवली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! शत्रू दिसत नाही, याचा अर्थ काय? शत्रू आपल्यातच लपलाय! ज्याच्या अंगाला अंग लावून बसलात, तोच तो!"

पाठीवरच्या माना उचलल्या गेल्या. प्रत्येक मेंढरू शेजाऱ्यापासून पाऊलभर सरकलं. शेजारीही सरकला. बनाबाई टेकाडाखाली नवऱ्याची वाट बघत उभी होती. मायाप्पा दुसऱ्या बाजूनं उतरला. सगळे बघत होते ना.

घंटा वाचली. पुढं लपलेला शत्रू शोधायला खंबीर नेता हवा म्हणून निवडणूक झाली आणि काळ्या-पांढऱ्यांच्या मतांनी मायाप्पा राजा झाला.

राज्याभिषेकाला कडाक्याची थंडी होती. पूर्वी अशा थंडीत मेंढरं एकमेकांत शिरून बसायची. आता चार हात अंतर राखून कुडकुडत उभी होती. प्रमुख पाहुणे कोल्हेसाहेब लोकरीचा जाडजूड कोट घालून आले. डावी बाजू काळी, उजवी पांढरी.

"हे आपल्या एकतेचं प्रतीक!" ते म्हणाले.

"अहो, ती डावी बाही माझ्या पाठीची आहे," बनाबाई लांबूनच म्हणाली.

"गप. टाळ्या वाजव," मायाप्पा म्हणाला.

बनाबाईनं खुरं आपटली. तिचं बघून पुढच्यांनी आपटली, पुढच्यांचं बघून मागच्यांनी. जोरजोरात टाळ्या वाजवल्या की अंगात थोडी ऊब येते, हा शोध मेंढरांना त्या दिवशी लागला.

तेव्हापासून सभांना गर्दी मावत नाही.