केरबाअण्णांची सही

"लिमिटेड म्हंजे किती रं?" केरबाअण्णांनी विचारलं.

दिगंबर काशीद उत्तरांची सगळी तयारी करून आला होता. हा प्रश्न तेवढा त्यात नव्हता.

सोमवार होता, म्हणजे रहिमतपुरात केस कापायची दुकानं बंद. अण्णा तरीही दुकानातच होते, दार अर्धं लोटून. पंचाहत्तरी ओलांडली, पण सोमवारी घरी बसून काय करायचं हे त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं. दिगंबर याच दुकानात अकरा वर्षं शिकला आणि मग पुण्याला गेला. त्याला आता बारा वर्षं झाली. तिकडं त्याची चार सलून होती. पाचवं उघडण्याआधी त्याला सगळ्यांची मिळून एक कंपनी करायची होती.

केरबा हेअर स्टुडिओ प्रायव्हेट लिमिटेड.

सीए म्हणाला होता, नाव जरा झकपक ठेवू. दिगंबर ऐकेना. सीए म्हणाला, संचालक दोन लागतात, दुसरं नाव बायकोचं घाला, सगळे तेच करतात. दिगंबर म्हणाला, दुसरे अण्णाच. सीएनं कागद काढून दिले. गिऱ्हाइकाशी कुठं वाद घालायचा?

तर ते कागद आता आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या शेजारी पडले होते.

"लिमिटेड म्हणजे अण्णा, उद्या धंदा बुडाला, कुणी दावा लावला, तर कंपनीचं जे असेल तेवढंच जाणार. तुमच्या-माझ्या घरादाराला हात लागत नाही. जबाबदारी तेवढ्यापुरतीच."

"आन् एखाद्याचं डोकं बिघडवलं तर?"

"तर कंपनी माफी मागते. ईमेल जातो."

अण्णांनी मान डोलावली. त्यांना पटलं की नाही, हे त्यांच्या मान डोलावण्यावरून आजवर कुणाला कळलेलं नाही.

"कंपनी दिसती कशी?"

"दिसत नाही, अण्णा. कागदावर असते."

अण्णा उठले. त्यांनी दिगंबरच्या डोक्यावर हात ठेवला, कानामागून बोटं फिरवली.

"तुझं कुणी कापलं?"

"कोथरूडच्या शाखेत एक बाई आहे. चांगला हात आहे तिचा."

"नाव काय?"

दिगंबर आठवायला लागला. नवी होती. मागच्याच महिन्यात लागली होती. मॅनेजरनं घेतली होती...

"डोकं दिलंस तिच्या हातात," अण्णा म्हणाले, "आन् नाव इचारलं न्हाईस."

खरं सांगायचं तर दिगंबर सहीसाठी आलाच नव्हता. सही बायकोचीही चालली असती. अकरा वर्षं त्यानं केस कापलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मानेवरून अण्णा शेवटी तळवा फिरवायचे, खालून वर. आणि मग म्हणायचे, "फुडचा बसवा." एवढंच. चांगलं झालं, बरं झालं, हे शब्द त्यांनी कधी काढलेच नाहीत. पुण्यात मोठमोठ्या लोकांनी दिगंबरची तारीफ केली, पेपरात फोटो आला. पण तो तळवा थांबून काहीतरी बोलेल याची वाट तो अजून बघत होता. चाळिशी उलटलेल्या माणसानं हे कुणाला सांगायचं? म्हणून त्यानं कागद आणले होते. अण्णा सही करतील, म्हणजे एकदा तरी हो म्हणतील.

अण्णा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेव्हा कुठं दिगंबरचं लक्ष गेलं. अण्णांचे केस कानांवर आले होते, मानेवर पसरले होते. न्हावी साऱ्या गावाचे केस कापतो, स्वतःचे त्याला कापता येत नाहीत. म्हणून सोमवारी दुकानं बंद ठेवून ते एकमेकांचे कापतात. अकरा वर्षं दर पंधरवड्याला अण्णांचे केस दिगंबरनं कापले. तो गेल्यावर अण्णा स्टँडवरच्या म्हादबाकडं बसायला लागले. म्हादबा दिवाळीत वारला.

"आता दुसऱ्या कुणाला मान द्यावी वाटंना," अण्णा आरशात बघत म्हणाले. "काप."

दिगंबरनं कात्री घेतली. चार वर्षांत त्यानं ती धरली नव्हती. मालकाला कुठला वेळ? कापड गुंडाळलं, कंगवा लावला. टाळूवरचा भोवरा जिथल्या तिथं होता. मान मात्र बारीक झाली होती. तिच्याकडं बघून त्याला एकदम रडू आलं, आणि ते आवरण्यात त्याचा हात एकदा हलला.

कात्री तेवढी चालू होती.

झाल्यावर त्यानं मागून छोटा आरसा धरला. अण्णांनी त्यात पाहिलं नाही. त्यांनी स्वतःच्या मानेवरून तळवा फिरवला. खालून वर...

तळवा मध्येच थांबला.

केस एकसारखे चढत न जाता मध्ये तुटले, की धंद्यात त्याला पायरी म्हणतात. शिकाऊ हाताची चूक. दिगंबरच्या हातून अशी पायरी वीस वर्षांत पडली नव्हती.

"कुणाची ही?" अण्णांनी विचारलं.

दिगंबरचे कान तापले.

"माझी, अण्णा."

"कंपनीची न्हाय?"

"...न्हाय. माझी."

अण्णांनी स्वतःच कापड सोडलं, दारात जाऊन झटकलं.

"बसा अण्णा. दोन मिनिटांत काढतो."

"ऱ्हाऊ दे."

"आवो, लोक हसतील. मी कापलं म्हणून कळंल गावाला." पुण्याची भाषा कधीच गळून गेली होती.

"कळू दे की. इचारलं तर सांगीन, दिगूनं कापलं."

टोपी त्यांनी उचलली, पण डोक्यावर घातली नाही. घडी करून खिशात ठेवली. मग फळीवरचे कागद गोळा केले, वस्तऱ्याच्या खणात ठेवले आणि खण लावून घेतला.

दिगंबर तसाच उभा. कात्री अजून हातात.

"आन् सही, अण्णा?"

अण्णांनी मानेवरून पुन्हा एकदा हात फिरवला. या वेळी हात बराच वेळ तिथंच राहिला.

"केस वाढलं की ये."