कुमुदच्या वेणीतली कळी

रानाच्या कडेला एक गाव होतं. तिथे मोर होते, आंबे होते, सोनेरी गवतात उड्या मारणारी सशाची चिमुकली पिल्लं होती. नव्हता तो फक्त वैद्य. एकदा एक फिरता वैद्य आला, शेवंताच्या धाकट्या बहिणीचा, चिंगीचा, खोकला पाहिला आणि औषध भरभर सांगून गेला. आई लाजून नुसती "हो, हो" म्हणाली. तो गेल्यावर तिला आठवेना, काढा चमचाभर द्यायचा की वाटीभर. तिने वाटीभर दिला. चिंगी वाचली, पण त्या दिवसापासून तिचा आवाजच गेला. खोकला मात्र राहिला.

म्हणून शेवंता वैद्य व्हायला विद्यापीठात गेली. तिच्या परकराला ठिगळं होती आणि मन चांगलं होतं. गोष्टीतल्या मुलींचं बहुधा असंच असतं.

विद्यापीठ भरायचं एका बागेत. भिंती मेंदीच्या, छत वेलींचं, आणि निळी-केशरी फुलपाखरं वर्गात उशिरा आली तरी त्यांना कोणी रागवत नसे. तिथे अभ्यास जोडीने करायचा. एकीने काढे शिकायचे, दुसरीने पानं ओळखायला शिकायचं, आणि एकमेकींना शिकवायचं. परीक्षेत मात्र उलट. काढे शिकलेलीला पानं विचारायची आणि पानंवालीला काढे. एखादी अडली, तर जोडीदारणीने उत्तर सांगायचं नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा. पास झाल्या तर दोघी वैद्य, नाही तर दोघी घरी. नियम कुलगुरूबाईंचा होता, आणि कुलगुरूबाईंशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

काढे शेवंताकडे आले आणि पानं कुमुदकडे. कुमुद अत्तरवाल्याची मुलगी. तिच्या वेणीला गुलाबी रेशमी फीत असे. काढे तिला जमत नसत. मग शेवंताच खलबत्त्यात मुळं कुटायची, चुलीवरचं भांडं ढवळायची, गाळायची आणि वर कुमुदच्या वाटचं भांडंही घासून ठेवायची. पानंसुद्धा ती आपली आपणच बघून घेई, कुमुदला कशाला त्रास? कुमुद बाजूला बसून राही. किती गुणाची पोर, असं सगळे शेवंताला म्हणत. कुमुदला कसं वाटतं, हे कोणी विचारलं नाही.

परीक्षा जवळ आली. शेवंताने काही सांगितलं की कुमुद मान हलवून "हो, कळलं" म्हणे. उलटून विचारलं की वेणीच्या फितीशी खेळत बसे. नापास होऊन घरी परत जायचं म्हणजे चिंगी तशीच राहणार.

एका सकाळी बागेत भोपळ्याचा एक वेल वाऱ्याने खाली पडला होता. शेवंताने तो अलगद उचलून काठीला बांधला. तेव्हा एका पिवळ्याधमक फुलातून इवलीशी परी बाहेर आली. तिचे पंख चकाकत होते आणि नाकावर पराग होते. ती शिंकली आणि म्हणाली, तीन इच्छा माग.

शेवंता म्हणाली, "माझी चिंगी बरी होऊ दे."

"मी फुलातली परी आहे, वैद्य नाही," परी म्हणाली. "मला जमेल असं माग."

मग शेवंताने मागितलं, की सगळे काढे मला पाठ होऊ देत. परीने चंदेरी बोट तिच्या कपाळाला लावलं आणि नियम सांगितला. दिलेलं सगळं दिवेलागणीच्या आत जोडीदारणीपर्यंत पोचलं पाहिजे. नाही पोचलं, तर तुझ्याकडूनही जाईल.

शेवंता दिवसभर बोलत राहिली. कुमुद मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवशी उठून पाहते तो शेवंताच्या डोक्यात एकही काढा नव्हता.

ती वेलापाशी धावली आणि म्हणाली, कुमुदला खरंच कळतंय की नाही, ते मला दिसू दे. परीने मोगऱ्याची एक हिरवट पांढरी कळी कुमुदच्या वेणीत खोवली. खरंच कळलं तर उमलेल, नुसतं 'हो' म्हटलं तर मिटलेलीच राहील, एवढं सांगून ती फुलात शिरली.

दोघी वही उघडून पहिल्यापासून अभ्यासाला बसल्या. "हो, कळलं," कुमुद म्हणाली. कळी हलली नाही. पुन्हा "हो." कळी तशीच. मग कुमुद रडू लागली.

"तू फार भरभर बोलतेस गं. आणि मला कशाला हातच लावू देत नाहीस. मला येत नाही म्हणून तू करतेस, आणि तू करतेस म्हणून मला येत नाही."

शेवंताला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. आईसुद्धा त्या दिवशी अशीच "हो, हो" म्हणाली होती. तिने खलबत्ता कुमुदपुढे सरकवला आणि आपण हात मांडीवर ठेवून बसली. कुमुदने आलं कुटलं, अडुळसा उकळला. अर्ध्यावर तिने विचारलं, पाणी निम्मं होईपर्यंतच का आटवायचं? शेवंतालाही ते ठाऊक नव्हतं. दोघी कुलगुरूबाईंकडे विचारायला गेल्या. परत येता येता कळी टपकन उमलली, आणि रस्ताभर सुवास पसरला.

मग कुमुद शिकवू लागली. पान नुसतं बघून भागत नाही, चुरगळायचं, नाकाशी धरायचं. अत्तरवाल्याच्या मुलीला ते कोणी शिकवायची गरज नव्हती.

परीक्षेत कुमुदने काढे धडाधड सांगितले. शेवंतापुढे एक सुकलेलं तपकिरी पान आलं. ओळखेना. मेजावरच्या फुलदाणीत परी बसली होती, शेवंताशिवाय कोणालाच न दिसणारी. एक इच्छा बाकी होती. मागितली असती तर उत्तर मिळालं असतं, आणि दिवेलागणीनंतरही टिकलं असतं, कारण कुमुदला ते येतच होतं.

"मला ओळखता येत नाही," शेवंता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

कुमुदने आपला एक प्रश्न विचारला. "शेवंते, चुरगळलंस का?"

तिने पान चुरगळलं, डोळे मिटले आणि वास घेतला. निर्गुडी. कुलगुरूबाईंनी दोघींच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं.

तिसरी इच्छा काय मागायची, हे शेवंताने कुमुदला विचारलं. दोघींनी कुजबुजून ठरवलं, की अशी कळी आमच्याजवळ राहू दे. परीने दोघींच्या ओंजळीत मोगऱ्याचं एकेक रोप ठेवलं. मग सोनेरी, मग गुलाबी, मग शुभ्र उजेड झाला, आणि फुलदाणीत फक्त थोडे पराग उरले.

शेवंता घरी आली. रोप दारात लावलं. काढा केला आणि आईला सांगितलं, किती द्यायचा, कधी द्यायचा.

"हो, हो," आई म्हणाली. रोपावरची कळी मिटलेलीच राहिली.

"आई, आता तू मला सांग."

आई चुकली. शेवंताने पुन्हा, सावकाश सांगितलं. आईने पुन्हा म्हणून दाखवलं, चमचाभर, जेवणानंतर, कोमट. दारात कळी उमलली.

आई रोज तसाच काढा देत राहिली. आधी खोकला गेला. मग एका सकाळी चमचा तोंडाशी आला, तेव्हा चिंगीने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "कडू आहे."