नवबहारची वाद्यं

सर्जेरावांच्या 'गुलबहार' बँड कंपनीची गाडी उलटून ढोलवाल्या दगडूचा पाय कायमचा अधू झाला. भरपाई द्या, असा कोर्टाने हुकूम करताच सर्जेरावांनी गुलबहारला टाळं ठोकलं आणि बायकोच्या नावावर 'नवबहार' काढली. दगडूच्या बायकोला, हौसाक्काला, पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली.

"गुलबहारकडे आता फुटकी पिपाणीसुद्धा नाही," सर्जेराव मिशीला पीळ देत म्हणाले. "आणि नवबहारशी माझा काडीचा संबंध नाही, साहेब!"

हौसाक्काला कालची वरात आठवली. "मालक, नवबहारवाले तुमचेच ट्रंपेट, तुमचाच ढोल वाजवत होते. विकलेत का त्यांना?"

विकले म्हणावं, तर आलेला पैसा दाखवावा लागणार. "छे, छे! काही विकलं नाही."

"अगं बाई, मग ही चोरीच की!" हौसाक्का कळवळली. "साहेब, पोलीस बोलवा. नवबहारच्या मालकिणीला धरायला सांगा. मी साक्ष देते."

मागच्या बाकावरून सर्जेरावांची बायको ताडकन उठली. "अहो, गप्प काय बसलात? सांगा की दोन्ही कंपन्या तुमच्याच म्हणून!"

न्यायाधीशांनी हसू दाबत पेन उचललं.

"सापडला बघा, साहेब," हौसाक्का म्हणाली, "काडीचा संबंध."